डेव्हिड सूशे यांचा पॉयरो: सत्तर भागांचा संच घ्यावा का, आणि घेतला तर पाहावा कसा

८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर अगाथा क्रिस्टीच्या रहस्यकथांतला बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो याच्या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला, तेव्हा डेव्हिड सूशे ४२ वर्षांचे होते. १३ नोव्हेंबर २०१३ला शेवटचा भाग लागला, तेव्हा ६७. या काळात १३ मालिका आणि ७० भाग झाले. त्यातले ३६ भाग सुमारे पन्नास मिनिटांचे, लघुकथांवरचे आहेत आणि ३४ भाग दीड तासाच्या आगेमागे, बहुतेक कादंबऱ्यांवरचे. हे सगळं आज तबकड्यांच्या एका पेटीत मिळतं, आणि एकूण लांबी ऐंशी तासांच्या आसपास भरते.

निर्णय आधीच सांगतो. रहस्यकथा म्हणून घ्यायचा असेल तर अख्खा संच लागत नाही, निवडक पंधरा-वीस भाग पुरतात. पण एका नटाने एक भूमिका कशी बांधली, कशी सांभाळली आणि शेवटी कशी सुटी केली हे पाहायचं असेल, तर संपूर्ण संचाला पर्याय नाही. रंगभूमीवर एकच भूमिका दशकानुदशकं करणारे नट मराठी प्रेक्षकाने पाहिले आहेत. पण तिथे कालचा प्रयोग कालच संपतो. इथे पंचवीस वर्षांचा प्रत्येक टप्पा कॅमेऱ्यात बंद आहे आणि मागेपुढे करून ताडून पाहता येतो.

खरेदीतली सर्वांत मोठी फसगत रीजनची, म्हणजे तबकडी कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल त्या विभागणीची. ब्रिटनमधली डीव्हीडी रीजन २ची असते, अमेरिकेतली रीजन १ची आणि भारतातले प्लेअर रीजन ५चे. ब्रिटिश संच आपल्याकडच्याच पाल या चित्रपद्धतीचा असल्यामुळे चित्राच्या बाजूने आपल्याकडे अडचण येत नाही. अडतं ते रीजन कुलुपापाशी. त्यामुळे मल्टिरीजन प्लेअर असेल तर ब्रिटिश संच घ्यावा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतं, पण साधारणपणे पाचच वेळा. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच रीजनवर कायमचा अडकतो. घरात भारतीय आणि परदेशी अशा दोन्ही तबकड्या असतील तर हा खेळ करू नये, जुना स्वस्त मल्टिरीजन प्लेअर वेगळा ठेवावा. ब्लू-रेची विभागणी निराळी आहे: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ब्लू-रे मागवण्याआधी प्लेअरची ही बाजू तपासून घ्या, नाहीतर पेटी शोभेची होईल.

सबटायटलं गृहीत धरू नका. वेगवेगळ्या आवृत्त्यांत ती वेगवेगळी आहेत, म्हणून पेटीच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचूनच पैसे द्या. ज्यांना ब्रिटिश उच्चार कानाला पटकन लागत नाहीत त्यांना पहिल्या काही भागांत ती लागतीलच. स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टर जॅपचं झपाट्याचं लंडनी बोलणं आणि पॉयरोचं फ्रेंच वळणाचं इंग्रजी लागोपाठ येतं, तिथे नवख्याचे अर्धे शब्द निसटतात.

संच हातात आल्यावर प्रत्येक तबकडी सुरुवातीची दोन मिनिटं लावून बाजूला ठेवण्यात अर्थ नाही. तबकडी आतल्या कडेकडून बाहेर वाचली जाते. दोन थरांची असेल तर बाहेरच्या कडेला पोचल्यावर वाचन दुसऱ्या थरावर जातं आणि पुन्हा आत येतं. म्हणून बाहेरच्या कडेचा ओरखडा तबकडीच्या साधारण मध्यावर त्रास देतो, सुरुवातीला नाही. तपासायचं ते मध्यावर आणि शेवटाकडे. मध्यावर क्षणभर चित्र थबकलं तर तो थर बदलतोय, दोष नव्हे. चौकटी फुटल्या, आवाज अडखळला तर तबकडी बदलून घ्या. पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

आता टीव्हीवरचं एक बटण. पहिल्या सहा मालिका, म्हणजे १९८९ ते १९९६ दरम्यानचे भाग, जुन्या ४:३ चौकटीतले आहेत; २००० पासूनचे रुंद पडद्याचे. आजचे काही टीव्ही ४:३ चित्र आपणहून ताणून पडदा भरतात. त्यात प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. इतर मालिकांत हे नुसतं डोळ्यांना खटकतं, इथे मात्र अभिनयाचं वाटोळं होतं. पॉयरोचा आकार हा सूशे यांच्या कामाचा पाया आहे. ते स्वतः इतके गोल नव्हते. पोट, छाती, पाठ आणि खांद्यांना गाद्या बांधून तो आकार बनवलेला होता, आणि चालणं-बसणं-वळणं त्या आकाराच्या मापाने ठरवलेलं होतं. ताणलेल्या चित्रात पॉयरोचा सडपातळ मित्र हेस्टिंग्जसुद्धा लठ्ठ दिसतो आणि दोघांमधला उभा-आडवा फरकच नाहीसा होतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू द्या. आवाजाची सराउंड सेटिंगही जुन्या भागांसाठी बंद ठेवा. संवाद पोकळ ऐकू येतात ते त्यामुळे.

आता नटाकडे. २ मे १९४६ला लंडनमधल्या पॅडिंग्टनला जन्म, वडील स्त्रीरोगतज्ज्ञ, आई अभिनेत्री. नॅशनल यूथ थिएटर, मग लंडन अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रॅमॅटिक आर्टमधलं शिक्षण, चेस्टरच्या गेटवे थिएटरपासून सुरुवात आणि १९७३पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी. १९८१मध्ये शायलॉक केला, १९८५मध्ये बेन किंग्जली यांच्या ऑथेल्लोसमोर इयागो. म्हणजे पॉयरोची टोपी डोक्यावर चढली तेव्हा हा माणूस टीव्हीचा चेहरा म्हणून आलेला नव्हता. पद्याच्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा आणि शब्द कुठे टाकायचा हे शिकून आलेला होता. हा पूर्वेतिहास पेटीत नाही, पण प्रत्येक उलगड्याच्या प्रसंगात ऐकू येतो. त्याच १९८५ साली ‘थर्टीन ॲट डिनर’ या टीव्हीपटात पीटर उस्टिनोव्ह पॉयरो होते आणि सूशे झाले होते इन्स्पेक्टर जॅप. तीच कथा २००० साली ‘लॉर्ड एज्वेअर डाइज’ या नावाने त्यांनी पॉयरो म्हणून केली. उस्टिनोव्ह यांचा टीव्हीपट मिळाला तर दोन्ही पाठोपाठ पाहा: एक मोठा नट भूमिकेत मजेत वावरतो, दुसरा स्वतःला भूमिकेआड पूर्ण झाकतो.

भूमिका आली तेव्हा मोठे भाऊ जॉन, जे टीव्हीवर बातम्या देत, त्यांनी नको म्हटलं होतं. क्रिस्टी कुटुंबीयांनी एकच अट घातली: प्रेक्षकाने पॉयरोबरोबर हसावं, पॉयरोला हसू नये. सूशे यांनी मग सगळ्या कथा-कादंबऱ्या वाचून पात्राच्या ९३ खुणा लिहून काढल्या. चहा-कॉफीत साखरेच्या वड्या किती, दोन उकडलेली अंडी एकाच आकाराची का हवीत, अनोळखी बाकावर बसण्याआधी काय करायचं, सगळं नोंदलेलं. या यादीची किंमत पहिल्याच मालिकेत कळली. बाकावर बसण्याआधी रुमालाने तो झटकून त्यावर रुमाल अंथरायचा की नाही, यावर दिग्दर्शकाशी वाद झाला. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटत होतं, सूशे अडून बसले आणि निर्माते ब्रायन ईस्टमन यांनी कौल सूशे यांच्या बाजूने दिला. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट पुढच्या सगळ्या भागांचा पाया ठरली. पॉयरो रुमाल अंथरतो तो लोकांना दाखवण्यासाठी नव्हे, अस्वच्छतेने त्याला खरोखर त्रास होतो म्हणून. नटाने त्यावर विश्वास ठेवला, म्हणून प्रेक्षक ठेवतो.

आवाजाचं काम वाचिक अभिनय शिकणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावं असं आहे. सूशे यांचा स्वतःचा आवाज खर्जातला, छातीतून येणारा. पॉयरो म्हणजे मेंदू, तेव्हा त्याचा आवाज डोक्यात हवा, असं ठरवून त्यांनी तो वरच्या पट्टीत नेला. बेल्जियममधल्या फ्रेंच भाषकांच्या आकाशवाणीच्या ध्वनिफिती ऐकून उच्चार बसवले, कारण पॉयरोला कुणी फ्रेंच म्हटलेलं चालत नाही. उच्चार परका आणि तरी प्रत्येक अक्षर स्पष्ट, हा मेळ अवघड आहे. परदेशी पात्र करताना सर्वसाधारण नट शब्द चावतो आणि अर्थ हरवतो. इथे उलट आहे: हेल परका, पण वाक्याचा जोर नेमका अर्थाच्या शब्दावर. चालीचंही तसंच. पुस्तकात पॉयरोचे चकचकीत चामडी बूट पायाला घट्ट बसतात आणि तो छोटी, झपझप पावलं टाकतो. ती चाल बसवण्यासाठी सूशे यांनी दोन नितंबांमध्ये नाणं घट्ट धरून चालायचा सराव केला. ही क्लृप्ती त्यांनी लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्याकडून उचलली होती. करून पाहिलं की कळतं, मांड्या मिटल्या जातात, पावलं आपोआप तोकडी होतात आणि कंबरेवरचं अंग ताठ राहतं. एका जागी केलेला बदल सगळं शरीर बदलतो.

पाहण्याचा क्रम प्रसारणाच्या तारखेचाच ठेवा. काही जुन्या सुट्या संचांत छोटे भाग आणि मोठे भाग वेगळे काढलेले आहेत. तसा संच असेल तर तारखा शोधून चिठ्ठी बनवा. कथाकाळानुसार लावण्याचा मोह टाळा. बहुतेक कथा १९३०च्या दशकातच फिरत राहतात. पात्र जवळजवळ थांबलेलं आणि नट मात्र पंचवीस वर्षं पुढे गेलेला. क्रम मोडला तर चेहरा एका भागात म्हातारा, पुढच्यात तरुण, आणि ज्यासाठी संच घेतला तेच हातातून जातं. दिवसाला एक छोटा भाग किंवा आठवड्याला दोन मोठे, याहून घाई करू नका. एका बैठकीत चार पाहिले की कथेचा साचा दिसू लागतो आणि नजर नटावरून उडते.

पहिल्या भागात, ‘द ॲडव्हेंचर ऑफ द क्लॅपहॅम कुक’मध्ये, पॉयरोला हरवलेली स्वयंपाकीण शोधायचं काम क्षुद्र वाटतं, तरी तो घेतो. शेवटी मानधनाचा एका गिनीचा (एक पौंड एक शिलिंग) चेक तो चौकटीत घालून भिंतीवर लावतो. घमेंड, विनोद आणि स्वतःला आठवण ठेवण्याचा प्रामाणिकपणा, पात्राचा सगळा नकाशा पन्नास मिनिटांत. सुरुवातीच्या मालिकांचं श्रेय एकट्या सूशे यांचं नाही. ह्यू फ्रेझर यांचा हेस्टिंग्ज, फिलिप जॅक्सन यांचा जॅप, पॉलिन मोरन यांची सेक्रेटरी मिस लेमन, क्लाइव्ह एक्स्टन यांची पटकथा आणि ख्रिस्तोफर गनिंग यांचं सॅक्सोफोनवरचं शीर्षकसंगीत, सगळं एका घरातलं वाटतं. पॉयरोचं निवासस्थान म्हणून दिसणारी गोलाईदार इमारत लंडनच्या चार्टरहाउस स्क्वेअरमधलं फ्लोरिन कोर्ट आहे.

१९९०चा ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ क्रिस्टीच्या जन्मशताब्दीला आला. कथा पहिल्या महायुद्धातली, पॉयरो निर्वासित. इथे सूशे यांनी ऐट तीच ठेवली, पण तिच्याखाली परक्याच्या आश्रयाला आलेल्या माणसाचं अवघडलेपण आणलं. १९९२च्या ‘द एबीसी मर्डर्स’मध्ये डोनल्ड सम्पटर यांच्यासमोरचे प्रसंग पाहा, समोरचा नट तोडीचा असला की सूशे स्वतःचे हातवारे निम्म्यावर आणतात. आणि १९९३चा ‘द चॉकलेट बॉक्स’ तर अभ्यासक्रमात लावावा. ब्रुसेल्समधला तरुण पोलीस पॉयरो: गाद्या कमी, पावलं लांब, आवाज हलका, चक्क धावतो. कोटाच्या कॉलरवरची छोटी फुलदाणीची पिन कुठून आली तेही इथेच कळतं. हा भाग पाहून लगेच पहिल्या मालिकेतला कुठलाही भाग लावा, वय चढवण्यासाठी नटाने काय काय केलं होतं ते उलट्या बाजूने दिसेल.

१९९६नंतर मालिका थांबली आणि २०००मध्ये परतली. मधल्या काळात सूशे रंगमंचावर होते: ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’मध्ये डायना रिग यांच्याबरोबर, मग १९९८पासून पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनात ‘ॲमेडियस’मधला सालिएरी, लंडन आणि नंतर ब्रॉडवे. परतलेला पॉयरो जास्त शांत आहे, विराम लांबले आहेत. पण परतीचा भाग, ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, संचातला दुबळा भाग आहे. कादंबरीचा कणा तिच्या निवेदनात आहे, आणि पडद्यावर तो टिकवता आलेला नाही. कादंबरी वाचली नसेल तर आधी ती वाचा, भाग नंतर. उलटं केलं तर एका थोर कादंबरीचा आनंद कायमचा गमवाल.

२००३पासून निर्मितीची टीम बदलली आणि रंगच बदलला. हेस्टिंग्ज, जॅप, मिस लेमन गेले, हलका विनोद गेला, प्रकाश काळवंडला. पुष्कळ चाहत्यांना हे आवडलं नाही. मला मात्र ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ हा संपूर्ण संचातला सर्वोत्तम भाग वाटतो. अनेक वर्षांपूर्वीचा खून, पाच माणसांच्या पाच आठवणी, आणि पॉयरोने करायचं काय, तर ऐकायचं. सूशे इथे जवळजवळ काहीच करत नाहीत. डोकं किंचित कललेलं, नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर नाही तर डोळ्यांवर. प्रश्न विचारताना आवाज आणखी खाली. ऐकणं हाही अभिनय असतो हे शिकवायला याहून चांगला तास मिळणार नाही. दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

२००६च्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’पासून झोई वॉनमेकर यांची रहस्यकथा-लेखिका ॲरियाडनी ऑलिव्हर आली आणि घरात थोडी ऊब परतली. पण याच टप्प्यात कथांची मोडतोड वाढली. मोरोक्कोत चित्रित झालेला ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ मूळ कादंबरीपासून इतका दूर गेला आहे की उलगडा ओढूनताणून वाटतो. ‘द बिग फोर’चंही तसंच, त्यात जुने तिघे परत भेटतात, एवढ्यासाठी पाहावा. पटकथा फसली तिथे सूशे जास्त जोर लावत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. पात्राच्या ९३ खुणा तिथे कठड्यासारख्या उपयोगी पडतात.

२०१०च्या नाताळात दाखवलेला ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ज्यांनी जुना चकचकीत चित्रपट पाहिला आहे त्यांना धक्का देईल. रेल्वेचं वैभव मागे सरलं आहे आणि पुढे आहे एक श्रद्धाळू कॅथलिक माणूस, ज्याला कायदा आणि न्याय यांत निवड करायची वेळ आली आहे. इतक्या वर्षांत एकदाही न सुटलेला तोल इथे सुटतो, आवाज फाटतो. वरच्या पट्टीतून छातीत उतरलेला तो आवाज ओळखा. तो सूशे यांचा मूळ आवाज आहे. शेवटची काही मिनिटं संवादांशिवाय, हातात जपमाळ. त्या वेळी कुणाशी बोलू नका.

पेटीत जे नाही त्याबद्दलही सांगायला हवं, कारण फक्त पॉयरो पाहून सूशे यांचा आवाका कळत नाही. दिग्दर्शक जॉन बार्टन यांच्या ‘प्लेइंग शेक्सपिअर’ या १९८०च्या दशकातल्या कार्यक्रमात सूशे आणि पॅट्रिक स्ट्यूअर्ट दोघेही आपापला शायलॉक करून दाखवतात, तेच संवाद, दोन वेगळी माणसं. हा संच आधी मिळवा. २००१च्या बीबीसी मालिकेत, ‘द वे वी लिव्ह नाऊ’मध्ये, त्यांनी केलेला मेलमॉट हा धनाढ्य लबाड म्हणजे पॉयरोच्या बरोबर उलटं शरीर: जड, पसरलेलं, आवाज तळघरातून यावा तसा. रॉबर्ट मॅक्सवेल यांच्यावरच्या २००७च्या टीव्हीपटासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय एमी मिळाली. २०१५मध्ये व्हॉडव्हिल थिएटरात ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधली लेडी ब्रॅकनेल केली आणि २०२०मध्ये सर ही पदवी मिळाली. पैसे मोजके असतील तर संपूर्ण पेटीऐवजी पॉयरोच्या पहिल्या दोन मालिका, २००३-०४ची नववी, शेवटची तेरावी आणि हा मेलमॉट, असा स्वतःचा संच जुळवणं जास्त शहाणपणाचं.

राहिली तेरावी मालिका. प्रसारणात ‘कर्टन’ सर्वांत शेवटी आहे, पण चित्रीकरणात तो आधी उरकला, सूशे यांच्याच आग्रहाने. भूमिकेचा शेवट करून मग हसत्याखेळत्या पॉयरोबरोबर निरोप घ्यायचा होता. ‘कर्टन’साठी त्यांनी वजन उतरवलं, अंगावरच्या गाद्या काढल्या आणि चाकाच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांचं चालणं काढून घेतल्यावर उरतात फक्त डोळे, बोटं आणि श्वास. या भागात त्यांचंच काम आहे. शेवटचा चित्रित झालेला भाग ‘डेड मॅन्स फॉली’, तोही डेव्हनमधल्या ग्रीनवे या खुद्द क्रिस्टीच्या घरी. म्हणून तेराव्या मालिकेपुरता प्रसारणाचा क्रम दोनदा वापरा: पहिल्यांदा ‘कर्टन’पर्यंत जा, मग दोन-चार दिवस जाऊ द्या आणि ‘डेड मॅन्स फॉली’ची तबकडी पुन्हा लावा. खुर्चीतला तो कृश चेहरा ताजा असताना ग्रीनवेच्या हिरवळीवरून तुरुतुरु येणारी ती पावलं पाहा. ती चाल कॅमेऱ्यासमोर तेव्हा अखेरची चालली जात होती.